अठ्ठ्याण्णववाल्या बाई

दररोज सकाळी साडेदहाला बाई आपल्या संगणकाला आजची तारीख सांगत. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, आणि मग एकेक आकडा दाबून दिवस, महिना, साल, तास, मिनिटे भरत. तारीख लक्षात ठेवणारी जी बारीक बॅटरी यंत्राच्या पोटात असते, तिची खाच तुटलेली होती. त्यामुळे संध्याकाळी वीज बंद केली की दुसऱ्या दिवशी ते यंत्र कित्येक वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीला जागे होई. "झोपेतून उठल्यावर माणसालाही क्षणभर कळत नाही आपण कुठे आहोत ते," बाई म्हणत. "हिला कोणीतरी सांगायला हवं, एवढंच." एकदा एसटी उशिरा आली आणि हे सांगणे राहून गेले. त्या दिवशी माझ्या एका पक्षकाराचे प्रतिज्ञापत्र छापून निघाले ते त्याच्या लग्नाच्याही आधीच्या तारखेचे, आणि आत पत्नीचे नाव, दोन मुलांची नावे, सर्व काही नमूद. तहसील कचेरीत बाहेरून आलेले कागद जिथे घेतात त्या टेबलावरच्या, म्हणजे बारनिशीच्या, कारकुनाने ते आपल्या शेजारच्या चार टेबलांवर फिरवले. "रायटर," तो मला म्हणाला, "तुमचा माणूस फार दूरदृष्टीचा दिसतो!"

तो रायटर मी. मुरबाडच्या तहसील कचेरीसमोर टेबल-खुर्ची टाकून मी कित्येक वर्षे अर्ज लिहीत आहे. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझा मसुदा परत आला असे क्वचितच घडले, आणि दोन साहेबांनी माझ्या अक्षराची तोंडी प्रशंसा केलेली आहे, हे येथे नमूद करणे मला भाग आहे. बाईंचा टायपिंगचा वर्ग माझ्या टेबलाच्या बरोबर मागे, बी-बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीवर होता. मी कच्चे लिहावे, बाईंनी ते टाइप करून छापावे, अशी आमची व्यवस्था होती. बाई शहापूरच्या. किन्हवलीमार्गे येणाऱ्या एसटीने रोज यायच्या. ठेंगणा बांधा, दोरीला बांधून गळ्यात सोडलेला चष्मा, आणि पर्समध्ये लवंगांच्या डबीशेजारी एक स्क्रू-ड्रायव्हर. त्यांचे नाव सगळ्यांना ठाऊक होते, तरी सगळे त्यांना 'अठ्ठ्याण्णववाल्या बाई'च म्हणत. कारण त्यांच्या यंत्रावर विंडोज अठ्ठ्याण्णव होते, आणि झेरॉक्सवाल्यापासून पतपेढीपर्यंत सगळे पुढच्या पिढीवर गेले तरी बाई त्यावरून हलल्या नाहीत.

लोक त्याला हट्ट म्हणत. मीही म्हणत असे. वस्तुस्थिती निराळी होती. बाईंचे यजमान वाशिंदच्या एका कारखान्यात होते; कारखान्याने जुने संगणक काढून टाकले तेव्हा त्यांनी एक घरी आणला आणि पुढे दोन वर्षांत ते स्वतःच गेले. बाईंनी त्यावर मराठी टायपिंगचा प्रोग्राम घेतला. त्या प्रोग्रामबरोबर बोटभर लांबीचे एक कुलूप मिळाले होते. ते यंत्राच्या पाठीमागे, जिथे प्रिंटरची जाड केबल लागते त्या तोंडात बसवले, तरच पडद्यावर मराठी उमटे. प्रोग्राम विकणाऱ्याने पुढे धंदाच बंद केला. नव्या संगणकांना ते तोंडच नसे आणि नवी विंडोज त्या कुलपाला ओळख देत नसे. बाईंनी आठ-नऊ वर्षांत टाइप केलेला शब्द अन् शब्द त्याच अक्षरांत होता. दुसऱ्या कोणत्याही संगणकावर तो उघडला, की चिखलात कोंबड्या नाचून गेल्यासारखे दिसे. "मी नवी गाडी घेईन हो," बाई म्हणत, "पण त्या गाडीत आमच्या घरच्यांना जागा नाही."

म्हणून त्या उलट दिशेने काम करीत. जग रोज नवे काहीतरी काढी, आणि बाई ते नवे या जुन्या यंत्राच्या गळी उतरवीत. बाजारात पेनड्राइव्ह आले तेव्हाची गोष्ट. मी उत्साहाने एक आणला आणि थेट यंत्रात खुपसला. पडद्यावर निळा रंग पसरला आणि सगळे जागच्या जागी थिजले. बाईंनी माझ्या हातून तो काढून घेतला. "रायटर, तुमच्या घरी परका माणूस न सांगता थेट माजघरात शिरला, तर तुमची आई काय करील?"

"ओरडेल."

"ही पण ओरडली. हिला आधी सांगायचं असतं, मग आणायचं." त्यांनी कल्याणहून आणलेली एक सीडी लावली, त्या पेनड्राइव्हची ओळख यंत्राला आधी करून दिली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, आणि मग पेनड्राइव्ह लावला. यंत्राने तो मुकाट्याने घेतला. बाई बावीस वर्षे सासूबाईंच्या हाताखाली एका स्वयंपाकघरात नांदल्या होत्या. "कुकर आणला तेव्हा मी आधी पंधरा दिवस नुसतं त्याच्याविषयी बोलत होते," त्या सांगत. "घरात आला तेव्हा त्या म्हणाल्या, मीच आणायला सांगितला."

एकदा कल्याणच्या एका मेकॅनिकने चांगुलपणाने बाईंच्या यंत्रात जास्तीची मेमरी बसवून दिली. आधीच्या कितीतरी पट. तो गेला आणि यंत्र सुरूच होईना; 'मेमरी अपुरी आहे' असा संदेश दाखवून थांबून राही. मला तर तो निव्वळ उद्धटपणा वाटला. इतके देऊन अपुरे म्हणायचे! बाई मात्र हसल्या. पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढला, झाकण उघडले, त्यातल्या दोन पट्ट्या काढून रुमालात गुंडाळल्या. यंत्र तत्काळ चालू झाले. "म्हातारं माणूस. जास्त वाढलं की ताट बाजूला सारतं. उपाशी राहतं, पण सांगत नाही."

बाईंच्या एका सवयीवरून आमचे कायम वाजत असे. वाडीवरचा कोणी माणूस त्यांच्यासमोर बसला, तर तो जसा बोलेल तसेच बाई टाइप करीत. माझ्यासारख्याला हे खपणे कठीण. अर्ज म्हटला की 'सदरहू अर्जदार', 'उपरोक्त', 'विनंती की' हे अलंकार हवेतच. त्यावाचून कागद उघडा वाटतो. "अहो बाई, याला काही वजन आहे का?" मी विचारी. बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणत, "वजन त्याच्या बोलण्यात आहे. तुमच्या सदरहूखाली ते चेपतं."

असेच त्यांनी सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीचे दावे टाइप केले होते. बत्तीस घरे. पिढ्यानपिढ्या कसत आलेल्या वनजमिनीवर आपला हक्क सांगणारे बत्तीस जबाब. वाडीचा म्होरक्या बुधाबाबा. सत्तरीपुढचा, काटक, डोक्याला कायम टॉवेल. तो एकेका म्हाताऱ्याला जीपमध्ये घालून आणी, माडीच्या जिन्यावरून हात धरून वर चढवी, आणि बाईंसमोर बसवी. "बोल रे, बाय लिवतेय," तो म्हणे. म्हातारे बोलत; कुठला ओहळ, कुठला दगड, कोणाच्या आज्याने कुठे नाचणी लावली. बाई लिहीत. पुढच्या दीड वर्षात त्यांतले चार म्हातारे वारले.

मग एका बुधवारी बारनिशीच्या कारकुनाने मला हाक मारली. त्याने वाडीचे बाड माझ्यापुढे ठेवले. बाईंच्या जुन्या प्रिंटरची रिबन बाजारात मिळेनाशी झाली होती, म्हणून त्या वाळलेल्या रिबनीला शिक्क्याची शाई पाजून वापरीत. ती शाई दीड वर्षात उडून गेली होती. कागदावर फिकट जांभळे डाग, त्याखाली अंगठे. "रायटर, यात मला अंगठ्यांशिवाय काही दिसत नाही," कारकून म्हणाला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. "सोमवारी पाहणीला पथक वाडीवर जातंय. शुक्रवारी पाचच्या आत वाचता येतील असे कागद द्या. नाहीतर हे दावे या फेरीत नाहीत, आणि पुढची फेरी कधी ते मला माहीत नाही."

मी जिना चढून बाईंना सांगितले. त्यांनी यंत्र चालू केले. गेला आठवडाभर त्याच्या आतून कोणी अडकित्त्याने सुपारी कातरत असल्यासारखा आवाज येत होता. "डिस्क चाललीय हिची," बाई म्हणाल्या. "रायटर, मी तुमच्याकडे चार फ्लॉप्या ठेवायला दिल्या होत्या. वाडीच्या जबाबांच्या. त्या आणा."

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला संकोच वाटतो. महत्त्वाचे दप्तर उघडे ठेवणे माझ्या शिस्तीत बसत नाही. फ्लॉपीला एक सरकती पत्र्याची झडप असते. ती कोणीही बोटाने सरकवून आत बघू शकतो, हे मला फार असुरक्षित वाटले होते. म्हणून मी मेणबत्तीवर लाख वितळवून चारही झडपांवर एकेक सील ठोकले होते. माझ्या पितळी मोहोरेसह. बाईंनी त्या चार फ्लॉप्या हातात घेतल्या, एकीची लाख नखाने खरवडून पाहिली. लाख झडपेतून आत उतरून चकतीला चिकटली होती.

"कुलूप छान लावलंत," त्या म्हणाल्या. "किल्ली आत ठेवून."

मी कल्याणला जाण्याची तयारी दाखवली. तिथे एका मिनिटात सगळे छापून मिळते, असे म्हणालो. बाई म्हणाल्या, "तिथे कोंबड्या नाचतील. इथेच बघू."

गुरुवारी त्यांनी आधी डिस्कवरचे जबाब एकेक करून पेनड्राइव्हवर उतरवायला घेतले. प्रत्येक जबाबाला सुपारी कातरल्याचा आवाज, मग शांतता, मग पुढचा. दुपारपर्यंत एकतीस उतरले. बत्तिसावा उतरेना. बाईंनी सात वेळा प्रयत्न केला. सातही वेळा यंत्र तिथेच अडखळून थांबले. तो जबाब बुधाबाबाचा होता. फ्लॉपीवर तो सुखरूप असता. माझ्या मोहोरेखाली होता.

त्या दिवशी संध्याकाळी खालच्या दुकानदाराने आपला नवाकोरा लेझर प्रिंटर माडीवर आणून ठेवला. खोक्यावर हा प्रिंटर कोणकोणत्या विंडोजवर चालतो याची यादी होती. तीत अठ्ठ्याण्णव नव्हते. नशिबाने त्याला जुन्या जाड केबलचे तोंड तेवढे होते. बाईंनी ती केबल मराठीच्या कुलपामागे जोडली. "आता हिला हा आवडायचा नाही," त्या म्हणाल्या, "पण याच घराण्यातला थोरला भाऊ हिच्या ओळखीचा आहे." आणि यंत्राला त्यांनी त्याच कंपनीच्या दहा वर्षांपूर्वीच्या प्रिंटरचे नाव सांगितले. यंत्राने विश्वास ठेवला. पहिला कागद निघाला तो मात्र भलत्याच चिन्हांचा. दुसऱ्यात मराठी आली, पण काने-मात्रे नव्हते. बाईंनी लवंग तोंडात टाकली, चष्मा चढवला, पडद्यावरची एकेक खिडकी उघडून वाचत गेल्या आणि शेवटी एका पर्यायासमोर टिंब देऊन थांबल्या. "अक्षरं म्हणून पाठवली की हा आपल्या मनाने वाचतो. चित्र म्हणून पाठवू. चित्राला वाचावं लागत नाही." तिसरा कागद काळाभोर, स्वच्छ, काना-मात्रा-वेलांटीसह निघाला. फक्त एक अडचण. चित्र असल्याने एकेका पानाला अडीच मिनिटे लागत होती, आणि पाने होती सव्वाशेच्या आसपास. शुक्रवारी दुपारी बारा ते तीन भारनियमन.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता छपाई सुरू झाली. बुधाबाबा पहिल्या जीपने आला होता. अंगठ्यांसाठी वाडीवरची माणसे, वारलेल्या चौघांच्या जागी त्यांचे वारस, मागून येत होती. बाईंनी त्याला खुर्चीवर बसवले आणि सरळ सांगितले, "बाबा, सगळ्यांचे आले. तुमचा जबाब गेला."

"कुठं गेला?"

मी खाली बघत म्हणालो, "माझ्या हातून गेला, बाबा."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग टॉवेल सोडून पुन्हा बांधला. "मंग तू लिव. बाय कामात हाय. तुजा हात रिकामाच दिसतोय."

यंत्र छापण्यात गुंतलेले. त्यावर टाइप करणे शक्य नव्हते. मी उत्तम कागद काढला, टाक साफ केला, आणि माझ्या सगळ्या अनुभवानिशी लिहिले. पान भरले. बुधाबाबाला वाचून दाखवले: सदरहू अर्जदार हा उपरोक्त वनक्षेत्रात वंशपरंपरेने वहिवाट करीत असून...

"हा कोन?" त्याने विचारले.

"तुम्हीच, बाबा."

"मी असा नाय बोलत. वाडीवर कुनी असा बोलला तर आमी त्याला भगताकडं नेऊं."

जिन्यावर बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. बाई प्रिंटरला कागद घालत होत्या, मान न वळवता म्हणाल्या, "रायटर, फाडा तो. आणि विचारू नका. नुसतं ऐका."

बारा वाजता वीज गेली तेव्हा त्रेण्णव पाने झाली होती. पंखा थांबला. त्या शांत माडीवर बुधाबाबा बोलत राहिला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचे शब्द न बदलता लिहीत राहिलो. हात सारखा 'सदरहू'कडे ओढ घेई. मी तो मागे घेई. बाई खिडकीपाशी बसून झालेल्या पानांचे गठ्ठे लावीत होत्या. तीनला वीज आली. बाईंनी यंत्राचे बटण दाबले. सुपारी कातरण्याचा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. त्यांनी यंत्राच्या पाठीवर हात ठेवला, जसा उचकी लागलेल्याच्या ठेवतात. पडदा उजळला. मग त्यांनी कॅलेंडरकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि एवढ्या घाईतही आधी तारीख भरली.

चार वाजून चाळीस मिनिटांनी बत्तीस दावे, एकतीस छापील आणि एक हाती, बारनिशीच्या टेबलावर पडले. कारकुनाने पहिले पान उजेडाकडे धरले. "आता कसं!" म्हणाला आणि शिक्का उचलला.

यंत्र त्यानंतर आठवड्याभरात गेले. बाईंनी दुसरी डिस्क मिळवून त्यावर पुन्हा अठ्ठ्याण्णव उभे केले, पेनड्राइव्हवरचे एकतीस जबाब परत आत घेतले आणि आणखी वर्षभर काम केले. मग त्यांना बरे वाटेनासे झाले. एक दिवस एसटी आली आणि बाई त्यात नव्हत्या. दोन महिन्यांनी शहापूरहून बाई गेल्याचा निरोप आला. मी गेलो होतो. त्यांच्या लेकीने माझ्यासाठी चहा केला, आणि मी तो पिऊन कप स्वतःच विसळून ठेवला.

परंतु बाई आठवतात त्या तिथल्या नव्हेत, त्या सोमवारच्या. बुधाबाबाने त्यांना आणि मला पाहणीच्या दिवशी वाडीवर बोलावले होते. जीपने जिथवर रस्ता होता तिथवर, पुढे चालत. बाईंनी चपला हातात घेऊन ओहळ ओलांडला. पथकातले साहेब एकेक दावा काढून जागा बघत होते. बुधाबाबाचा आला तेव्हा त्यांनी हाती लिहिलेला कागद पाहून भुवया उंचावल्या आणि मोठ्याने वाचू लागले:

"ओहळाच्या वरल्या अंगाला माजा बाप पुरलाय. त्याच्या डोक्याशी आंबा मी लावला. तवा मी तेच्या मांडीएवढा व्हतो. आता आंबा माज्या कवेत मावत नाय. माज्याकडं दुसरा कागद नाय. ज्याला झाडाचं वय कळत असल त्यानं यावं न् बगावं."

साहेब वाचायचे थांबले. "हे कोणी लिहिलंय?"

आजवर माझ्या प्रत्येक मसुद्याचे श्रेय मी न चुकता घेतले आहे. या वेळी मी बुधाबाबाकडे बोट केले.

आंबा समोरच होता. साहेबांनी हातातले कागद मोजणीदाराकडे दिले, खोडापाशी गेले आणि दोन्ही हात पसरून त्याला कवेत घेतले. पलीकडून बुधाबाबाने घेतले. एका बाजूला त्यांची बोटे भिडली. दुसऱ्या बाजूला राहिली. दोघेही साल घासत एकमेकांकडे चाचपडत होते. मधली फट काही मिटेना. वाडीवरच्या बाया हसायला लागल्या. बाईंनी चपला खाली ठेवल्या, पदर खोचला, आणि पुढे होऊन एका हाताने साहेबांचा हात धरला, दुसऱ्याने बुधाबाबाचा.

दीड वर्षाने त्या जमिनीचा पट्टा आला. पाहणीच्या दिवशीचा पंचनामा मी लिहिला होता. त्यात आजही एक वाक्य आहे, जे कोणत्याही नमुन्यात बसत नाही आणि जे कोणी खोडलेले नाही: आंबा एक, अर्जदाराने लावलेला. कवेत घेण्यास तीन माणसे लागतात.